उपविजेत्याचा डबा

२ जून, सोमवार

हरलो. दुसऱ्या विभागातून तिसऱ्या विभागात गेलो.

'गेलो' म्हणजे कोण? मी जळगावात भांड्यांचं दुकान चालवतो. क्लब स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचा. त्या देशात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, ठेवीन असंही वाटत नाही. पण चार वर्षं 'आपला क्लब' म्हणत आलोय. सकाळी माझं तोंड बघून चेलना म्हणाली, "काय, तुमची स्पेनची सासुरवाडी बुडाली का?" बायको असावी तर अशी. पोहे मात्र गरम दिले.

काल शेवटचा सामना होता. नुसती बरोबरी पुरे होती. शहाऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला आणि मार्कोसने तो आपल्याच जाळ्यात घातला! मार्कोस आरिसाबाल. बचावपटू, वय छत्तीस, चार वर्षं आपल्या क्लबात, आणि चारही वर्षं माझ्या शिव्यांचा हक्काचा धनी. मी तिथल्या तिथे क्लबच्या पानावर लिहिलं, भाषांतराच्या ॲपमधून स्पॅनिश करून: 'म्हाताऱ्या घोड्या, फुकटखाऊ, आता तरी घरी जा.'

आज सकाळी बघतो तर एकशे बारा लाईक. माझ्या कुठल्याही वाक्याला आयुष्यात एवढे मिळाले नव्हते. आमच्या मुलीच्या, विधीच्या, बारावीच्या निकालाला साठ होते.

३ जून

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर त्रेचाळीस डिग्री, कोण येणार ताटवाट्या घ्यायला! तो गोल परत बघितला. तीनदा. तिसऱ्या वेळी संथ करून. चेंडू बहुधा मार्कोसला लागलेलाच नाही. पुढे तो नवा पोरगा होता, त्याच्या नडगीला लागून गेला. मार्कोस नुसता मागोमाग जाळ्यात जाऊन पडला.

पण पडद्यावर मार्कोसचं नाव आलं ना? मग संपलं. लाईक एकशे चाळीस.

८ जून, रविवार

आज दुकान बंद. चेलना बाईंना घेऊन स्थानकात, म्हणजे आमच्या जैनांच्या प्रार्थनागृहात गेली. (बाई म्हणजे माझी आई. आमच्यात आईला बाईच म्हणतात.) मी घरी पडून मार्कोसची सगळी कारकीर्द वाचून काढली. ज्याला शिव्या द्यायच्या त्याची नीट माहिती तरी असावी.

मच्छीमारांच्या गावातला. एकोणिसाव्या वर्षी पहिला सामना, डावा बचावपटू म्हणून. मी पण डावा बचावपटू होतो, कॉलेजच्या संघात. आणि मी पण एकोणिसाव्या वर्षीच पहिल्यांदा मैदानात उतरलो. इथपर्यंत आम्ही बरोबरीत.

पुढे तो सहा वर्षं दुसऱ्यांच्या संघांना उसना दिला गेला. दर उन्हाळ्यात बॅग भरायची, नवीन गाव, नवीन खोली. पंचविसाव्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, खेळणं विसर. तो चौदा महिन्यांनी परत आला, पण वेग गेलेला, म्हणून मधल्या जागी खेळायला लागला. एकदा कप सामन्यात स्पेनच्या सगळ्यात मोठ्या क्लबपैकी एकाच्या स्ट्रायकरला त्याने नव्वद मिनिटं हलू दिलं नाही. तोच सामना मी पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला होता, नऊ वर्षांपूर्वी. मोजे खाली घसरलेले, एक हात वर, 'माझा, माझा' असा ओरडत पळणारा बचावपटू. मला तो बघताक्षणी ओळखीचा वाटला. मग तो ज्या क्लबात जाईल तो क्लब बघायचा असं करत करत चार वर्षांपूर्वी तो या क्लबात आला, आणि मी खूश झालो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याला शिव्या द्यायला लागलो.

माझी कारकीर्द: सतरा सामने, एक पिवळं कार्ड, मग काउंटर.

१९ जून

धुळ्याला माल बघायला गेलो होतो. येताना स्टँडवरून घरी रिक्षा केली, ती कॉलेजच्या त्या मैदानावरून आली. रिक्षावाल्याला मी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याचा दोष नाही.

२००३. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना. आमचा गोलरक्षक बरा, पुढची पोरं बेताची, मागे मी आणि भूपेंद्र. भूपेंद्र धरणगावच्या बाजूचा, शेतकऱ्याचा मुलगा, होस्टेलला राहायचा आणि संध्याकाळचं जेवण आमच्याकडे जेवायचा. दिवस मावळायच्या आत, कारण आमच्याकडे त्यानंतर चूल बंद. सरावातून धावत यायचा. बाई त्याला माझ्याआधी वाढायची. मोजे कायम घसरलेले. माझा सगळ्यात जवळचा दोस्त. जवळचा कसला, एकुलता एक.

सामना संपायला चार मिनिटं असताना भूपेंद्रने सेल्फ गोल केला. एक-शून्य. हरलो.

बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानातर्फे उपविजेत्या संघाला स्टीलचे डबे दिले, प्रत्येकी एक. त्यावर नावं मी टाकली, दुकानातल्या मशीनने. नाव टाकण्यात माझा हात तेव्हाही चांगला होता. प्रत्येकाच्या झाकणावर नाव, 'उपविजेता' आणि साल. भूपेंद्रच्या झाकणावर खाली अजून दोन शब्द टाकले: 'सेल्फ गोल'.

चेष्टा म्हणून. वाटपाच्या वेळी सगळं कॉलेज हसलं. भूपेंद्र पण हसला. त्याला त्या दिवसापासून सगळे 'सेल्फ' म्हणायला लागले. नंतर तो रेल्वेत लागला, भुसावळला रुळांच्या देखभालीच्या गँगवर आता मुकादम आहे. तिथेही त्याला 'सेल्फ'च म्हणतात असं ऐकलं. त्या संध्याकाळनंतर तो आमच्याकडे जेवायला आला नाही. बावीस वर्षं झाली. मी एकदाही विचारलं नाही.

स्टीलवरचं अक्षर जात नाही. म्हणूनच लोक पैसे देऊन टाकून घेतात.

२० जून

कालचं वाचलं. फाडावं वाटलं. कागद चांगला आहे, राहू दे.

१३ जुलै, रविवार

विधी पुण्याहून दोन दिवसांसाठी आलीय. कॉलेजच्या जोडीला स्पॅनिश शिकते. मला वाटलं माझ्यामुळे. म्हणे, नाही, नोकरीला बरं पडतं.

तिला माझ्या सगळ्या कॉमेंट अभिमानाने दाखवल्या. तिने शांतपणे वाचल्या. मग म्हणाली, "पप्पा, तुमच्या ॲपने घोडा नाही केलंय, गाढव केलंय." त्यानंतर म्हणाली, "आणि एक विचारू? मैदानात अकरा जण असतात. तुम्ही चार वर्षं या एकालाच का धरलंय?"

मी म्हणालो, तो चुका करतो.

"बाकीचे करत नाहीत?"

मी तिला आंबा खा म्हणालो. जुलैत कुठला आंबा! केळं दिलं.

९ ऑगस्ट, शनिवार

मार्कोस निवृत्त झाला.

व्हिडिओ सहा मिनिटांचा. विधीने फोनवरून मराठीत सांगितला. घाईत नव्हता, रडलाही नाही. म्हणाला, सतरा वर्षं खेळलो, सगळ्यांचे आभार, गुडघ्याचे सर्वांत जास्त. आता मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसणार. (म्हणजे एवढं सगळं करून शेवटी काउंटरवरच! मी तिथे बावीस वर्षं आधीच पोचलो होतो.)

मग म्हणाला, तो गोल माझा होता की नाही यावर मी कधी बोललो नाही, आजही बोलणार नाही, तो नवा पोरगा वीस वर्षांचा आहे. फक्त एक विनंती. जून महिन्यापासून माझी आई गावच्या मासळीबाजारात जात नाही. लोक तिला काय काय वाचून दाखवतात. मी आता घरी आलोच आहे, तर तिला बाजारात जाऊ द्या.

विधीने फोन ठेवला. मी ते वाक्य परत उघडलं.

तिथल्या कुठल्या म्हातारीला मासळीबाजारात कुणीतरी माझं वाक्य वाचून दाखवलं असेल. एकशे चाळीस लाईकवालं वाक्य. जैनाच्या घरात जन्मून मासळीबाजारापर्यंत पोचलो म्हणायचं!

२० ऑगस्ट, बुधवार

पर्युषण लागलं. आठ दिवस. चेलनाने अठ्ठाई धरली, आठही दिवस फक्त उकळलेलं पाणी. मी एकासणं धरलं, दिवसातून एकदाच जेवण. पहिल्याच दिवशी एका बैठकीत पाच पोळ्या खाल्ल्या. जीवरामभाऊ, आमच्या दुकानात तीस वर्षं काम करणारे, बघत होते. "शेठ, हाई उपास शे का बारसं?"

२४ ऑगस्ट

शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, वर्षभराची माफी मागायची. 'मिच्छामि दुक्कडम' म्हणायचं, जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा. पूर्वी घरोघर जाऊन मागायचे. बाबूजी गावोगाव पोस्टकार्डं टाकायचे. मी फोनमध्ये एक यादी करून ठेवलीय, 'क्षमापना' नावाची. दोनशे एकेचाळीस नंबर: नातेवाईक, व्यापारी, गिऱ्हाईकं. कमळाचं एक चित्र, एक बटण, की दोनशे एकेचाळीस जण एका दमात निपटले. ज्याला त्याला वाटतं, आपल्यालाच पाठवलं.

भूपेंद्रचा नंबर पण त्या यादीत आहे. एका जुन्या पोराकडून घेतला होता. दर वर्षी त्याला पण कमळ जातं. उत्तर कधी आलं नाही.

चेलना पाचव्या उपवासाची, आवाज खोल गेलेला. तरी म्हणाली, "तुम्ही साऱ्या गावाची माफी मागता. पण कोणत्या माणसाची, कोणत्या गोष्टीसाठी, असं एकदा तरी मागितलंत का?"

उपाशी माणसाशी वाद घालू नये म्हणून मी उठून गेलो.

२६ ऑगस्ट

ठरवलं. मार्कोसची माफी मागायची. नेमकी. आधी मराठीत लिहीन, विधीला पाठवीन, ती स्पॅनिश करून त्याला धाडेल. वरती नाव तीच घालेल.

पाच वेळा लिहून खोडलं. लोटी-पेल्यावर 'सप्रेम भेट' टाकणं सोपं असतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. संवत्सरी

बाहेर गणपती बसतायत, ढोल चालू. दोन्ही एकाच दिवशी आलं. दुपारी यादीला कमळ पाठवलं. मग लगेच मार्कोसचा मजकूर लिहून टाकला. पाठवला आणि फोन बंद करून प्रतिक्रमणाला, म्हणजे संध्याकाळच्या प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेला गेलो. हलकं वाटलं. इतकं हलकं की शेजारच्याला जागा दिली.

मजकूर असा:

'चार वर्षं मी तुला नको नको ते बोललो. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती म्हणून मागून बोललो. तुला म्हातारा घोडा म्हणालो, फुकटखाऊ म्हणालो. तो गोल तुझा नव्हता. मला तेव्हाच दिसलं होतं. तरी चारचौघांत तुझ्या नावावर टाकला, कारण तसं करणं सोपं होतं. तुझ्या घरच्यांनाही त्रास झाला. आता तू निवृत्त होतोयस, तुला शांत झोप लागो. मनापासून मिच्छामि दुक्कडम. — अखिल'

२८ ऑगस्ट

मेलो.

सकाळी फोन चालू केला. त्र्याण्णव मेसेज. विधीला पाठवायचा तो मजकूर मी यादीतच टाकला! कमळ पाठवून तीच खिडकी उघडी राहिली होती.

दोनशे एकेचाळीस जणांना मी म्हातारा घोडा म्हणालो. चेलनाच्या मामांना. धुळ्याच्या ठोक व्यापाऱ्याला. चोपड्याच्या त्या गिऱ्हाईकाला, ज्याच्या मुलीच्या लग्नाची भांडी अजून द्यायची आहेत. मामांचं उत्तर: 'मला तुमच्याबद्दल आधीपासून संशय होता. तरीही क्षमा.' व्यापाऱ्याचं: 'शेठ, मी पण तुमच्याबद्दल मागून बोललोय, काय बोललो ते विचारू नका.' मुख्याध्यापक असलेले एक: 'माझी निवृत्ती अजून जाहीर नाही, तुम्हाला कुणी सांगितलं?' आणि निम्म्यांचं एकच: 'कोणता गोल?'

दुकानात गेलो तर जीवरामभाऊ पायरीवर बसलेले. डोळे लाल. "शेठ, मी काय चुकी करी? माले काढी राह्यनात का? रिटायर व्हई राह्यना असं लिखं तुम्ही." त्यांचा हात धरून सांगितलं, तुम्हाला नाही, स्पेनमधल्या माणसाला. त्यांचा विश्वास बसला नाही. कुणाचा बसेल!

चेलनाचं आज पारणं. आठ दिवसांनंतर पहिला घोट घेताना तिला हे सांगितलं आणि तिला ठसका लागला. हसत होती.

२८ ऑगस्ट, दुपारी

विधीचा फोन. "पप्पा, घाबरू नका, सगळ्यांकडून डिलीट करता येतं." मग म्हणाली, "आणि दोनशे एकेचाळीस जणांना गेलेलं नाही. अशा यादीतला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह करून ठेवलाय त्यांनाच जातो."

कुणाकुणाला पोचलं ते बघायला शिकवलं. बघत बघत खाली आलो.

भूपेंद्र. पोचलं. वाचलं. काल संध्याकाळी सहा दहा.

म्हणजे त्याच्या फोनात माझा नंबर आहे. एवढी वर्षं कमळं पण पोचत होती.

२९ ऑगस्ट

आता इथे तरी खरं लिहितो. वहीला कोण लाईक करणार आहे!

१९ जूनला मी लिहिलं, भूपेंद्रने सेल्फ गोल केला. खोटं आहे. चेंडू उजवीकडून आला, भूपेंद्र हात वर करून ओरडत होता, सोड, माझा. मी सोडला नाही. मला हिरो व्हायचं होतं. चेंडू माझ्या गुडघ्याला लागून आत गेला, आणि भूपेंद्र मागोमाग जाळ्यात पडला. धुळीत कुणाला दिसलं नाही. माईकवर त्याचं नाव घेतलं. मी गप्प बसलो. एक मिनिट, मग एक तास, मग एक आठवडा.

मग डबे आले. 'सेल्फ गोल' हे मी चेष्टेसाठी नव्हतं टाकलं. कुणाला शंका यायच्या आत पक्कं करून टाकलं. घाबरलो होतो. वीस वर्षांचा होतो हे कारण नाही, मार्कोसच्या शेजारचा तो पोरगाही विसाचाच आहे.

आणि मार्कोसला शिव्या का, तर तो तसाच पळतो म्हणून. विधीला आंब्याऐवजी हे सांगायला हवं होतं.

मला भूपेंद्र परत हवा आहे. एवढंच आहे सगळं. बावीस वर्षं हे एक वाक्य लिहिता आलं नाही.

३० ऑगस्ट

डिलीट केलं नाही. त्याने वाचलेलंच आहे. बाकीच्यांना खुलासा पाठवला: 'चुकून आलेला मजकूर, आपणांस उद्देशून नाही.' त्यासाठी नवी यादी केली. दोनशे चाळीस नावांची. एक नाव घातलं नाही.

म्हणजे भूपेंद्रला वाटतंय, ती माफी त्याची आहे. आणि मी वाटू देतोय. चुकून पाठवलेल्या माफीचं श्रेय घेणारा जगातला पहिला माणूस मीच असेन.

३१ ऑगस्ट

विधीने मार्कोसला त्याचा मजकूर पाठवला, गाढव दुरुस्त करून. माझ्या जुन्या कॉमेंट मी एकेक करून काढल्या. साडेतीन तास लागले. उत्तर नाही. देऊही नये.

भूपेंद्रचंही नाही.

५ सप्टेंबर

नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागलाय, नवी भांडी कुणी घेत नाही. मी गल्ल्यावर जांभया देत होतो, बाबूजी गादीवर पेपर वाचत होते. अकराच्या सुमाराला एक माणूस आत आला, रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला, मिशा पांढऱ्या. काउंटरवर डबा ठेवला.

"वळखं का?"

मी म्हणालो, "भूपेंद्र." मग म्हणालो, "चहा?"

"चहा मांगून. पहिले हाऊ डबा देख."

झाकणाचा काठ दबलेला, कडी बदललेली. अक्षरं मात्र काल टाकल्यासारखी. माझं काम पक्कं होतं, हे मान्य करावं लागेल. मी घाईघाईने म्हणालो, "बफ मारून पुसून देतो. दोन मिनिटांत जाईल."

"पुसाले कोनी सांगं? खाले नाव टाक."

"कोणाचं?"

"ज्याना पायले लागना त्यानं."

म्हणालो, "पायाला नाही. गुडघ्याला."

"हा, गुडघाले. माले वाटनं तू इसरी गया."

मी विचारलं, तुला कधी कळलं. म्हणाला, तेव्हाच. "मी वरडी राह्यंतू, सोड, मना शे. तू सोडा नही."

"मग बोलला का नाहीस?"

"माईकवर नाव ई गयं व्हतं. आनि तू मना दोस्त. मी म्हंतं, तू आज सांगी, सकाय सांगी." मग झाकण माझ्याकडे फिरवलं. "त्या डबावर अक्षर देखं तवा समजनं, तू सांगाव नही."

डोळे भरून आले. लपवायला मशीन हातात घेतलं. मशीन चालू झालं की दुकानात दुसरं काही ऐकू येत नाही, ते एक बरं असतं. जीवरामभाऊ म्हणाले, मी टाकू का. मी नाही म्हणालो. 'सेल्फ गोल'च्या खाली नाव टाकलं: अखिल. 'ख' वाकडा गेला. एवढ्या वर्षांत इतकं वाईट अक्षर काढलं नव्हतं.

बाबूजींनी पेपरातून डोकं वर केलं. "कुणाचं नाव टाकतोस रे?"

"माझं," मी म्हणालो.

"रोज हाच डबा नेतोस?" मी भूपेंद्रला विचारलं.

"रोज. पत्रा भारी शे. बाबूजीनी माल चांगला देयेल व्हता." बाबूजी खूश झाले.

मग चहा झाला. त्याने सांगितलं, बायकोने, दीपमालाने, मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाली, आता तरी जा. निघताना दारातून वळला. "आनि म्हातारा घोडा कोले म्हनस रे? तुना केस देख पहिले."

मी हसलो.

९ सप्टेंबर, संध्याकाळ

जेवण गेलं नाही. सगळं मिळालं आणि सगळं चोरीचं आहे. तो मजकूर त्याचा नाही हे सांगितलं, तर त्याला काय वाटेल? की माझी माफी पण भलत्याच्याच नावावर होती. गोल त्याच्या नावावर टाकला, आता माफी पण चुकून टाकली.

नाही सांगितलं, तर परत तेच. एक मिनिट, एक तास, एक आठवडा.

चेलनाला २००३ पासूनचं सगळं सांगून विचारलं. तिने ताट पुसून ठेवलं. म्हणाली, "या वेळी तो ओरडतोय, सोड म्हणून. तुम्ही हे फुकटचं श्रेय सोडणार का नाही?"

११ सप्टेंबर, गुरुवार

पाठवला. यादीत नाही, त्याच्या एकट्याच्या नावावर. तीन वेळा बघून.

'भूपेंद्र, तो मेसेज तुझ्यासाठी नव्हता. स्पेनमधल्या एका खेळाडूसाठी होता, माझ्यासारख्यांच्या शिव्यांमुळे त्याची आई बाजारात जाईना म्हणून, तो चुकून तुला आला. तुझ्यासाठी लिहायची हिंमत मला बावीस वर्षांत झाली नाही. हा मात्र तुझ्यासाठी आहे. गोल माझा होता. डब्यावर ते मी भीतीने टाकलं, चेष्टेने नाही. मला तुझी रोज आठवण येते. रागावलास तरी डबा टाकू नकोस, पत्रा चांगला आहे.'

शेवटचं वाक्य कशाला लिहिलं देव जाणे. चार वाजून वीस मिनिटांनी वाचलं. उत्तर नाही.

१२ सप्टेंबर

नाही. फोन बघून बघून बॅटरी गेली. जीवरामभाऊंनी आज दोन लोट्यांवर नावं टाकली, मी तिसरीवर गिऱ्हाईकाच्या नावाऐवजी भूपेंद्रचं टाकलं. लोटी घरी आणली.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सात वाजता भूपेंद्रचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

'माले रिटायर व्हवाले सतरा वरीस बाकी शेत. तवाच समजनं व्हतं, हाऊ दुसराना शे. त्या स्पेनवालानी माय बजारमां जास का आते, इचारी ठेव. सकाय रविवारले मी सुट्टीवर शे, बाईले सांग, दिन बुडाना पहिले जेवाले येस. मेसेज दुसराना व्हता, पन गोल तं आपलाच व्हता ना.'